खोलायची खोड

४ मार्च

ताई,

नंबर बदललास तो बदललास, निदान मला तरी द्यायचास. पत्ता मावशीकडून काढला. तीही आधी देईना, शेवटी तिच्यासमोर रडले तेव्हा दिला.

आधी कामाचं लिहिते. कपडे धुवायचं मशीन अडलंय. आत पाणी, पाण्यात ह्यांचे ऑफिसचे सगळे शर्ट, आणि दार काही केल्या उघडत नाही. वर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकतायत. मशीनबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं, त्यात तो आकडाच नाही. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो, आणि तोवर हात लावू नका म्हणतो. शर्टांना वास यायला लागलाय. तू खाली वाकून काहीतरी करायचीस एवढंच मला आठवतं.

अप्पा बरे आहेत. मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतात. रेकॉर्डर मात्र हातात घेत नाहीत. इतक्या वर्षांचे जमवलेले पक्ष्यांचे आवाज एका दिवसात गेले, माणसाने पुन्हा कुठून सुरुवात करायची? तुला टोचायला लिहीत नाहीये. तू विचारशील म्हणून लिहिलं.

दार कसं उघडायचं ते लवकर कळव.

तुझी धाकटी


९ मार्च

धाकटे,

फोन नंबर मिळणार नाही. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते. पत्रातलं रडणं वाळून येतं, ते मला चालतं.

मशीनच्या पुढच्या अंगाला, अगदी खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण आहे. नाण्याने उघड. आत मुठीएवढी गोल चकती दिसेल. ती उलटी फिरवून बाहेर काढ. तिच्यात केसांची पिन, नाहीतर शर्टाचं बटण अडकलेलं असणार. ते काढ, चकती धुऊन परत बसव. आतलं पाणी गेलं की दार सुटतं.

आता माझं ऐक.

जेवणाच्या टेबलावर, मावशी आणि काका बसलेले असताना, तुझा नवरा काय म्हणाला होता ते तू विसरली असशील तर आठवण करून देते. ‘ताईंना खोलायची खोड आहे. काल कॉम्प्युटर खोलून बसल्या होत्या, आज डिस्क गेली.’ अगं, मी पंख्यातली धूळ काढली होती! झाकण लावलं, चालू केला, अप्पांना सुतार पक्ष्याची टकटक ऐकवली आणि मग उठले. अप्पांनी स्वतः मान डोलावली होती. पण त्या दिवशी टेबलावर अप्पा ताटाकडे बघत राहिले आणि तू पाणी वाढत राहिलीस. आई गेल्यापासून त्या घरातला एकेक नळ, एकेक वायर मी सांभाळली, आणि माझ्या बाजूने बोलायला कोणाची जीभ उचलली नाही.

जावईबापू ती डिस्क भंगारात टाकायला निघाले होते. मी ती पिशवीत घालून इकडे आणली. छापखान्यातून घरी आले की तिच्यापुढे बसायचे. सरळ ठेवली की नुसती कटकट आवाज करायची. उलटी धरली की थोडा वेळ वाचायची, मग पुन्हा रुसायची. मग तिला गार होऊ द्यायचं आणि पुन्हा सुरुवात. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, मी आपली करत गेले. आणि सगळे आवाज निघाले, धाकटे. घुबडापासून त्या टीचभर पिवळ्या पक्ष्यापर्यंत सगळे, ज्याचं नाव अप्पांना कधी सापडलं नाही.

ते माझ्याकडे आहेत आणि माझ्याकडेच राहणार. त्या दिवशी सकाळी घरात तुम्ही तिघंच होतात. अप्पा कॉम्प्युटर स्वतः चालू करत नाहीत. तू तर साधा प्लग काढायलाही घाबरतेस. मग राहिलं कोण? जावईबापूंनी त्याच टेबलावर, मावशी-काकांना बोलावून, अप्पांना सांगायचं की ‘ताईंनी नाही, मी बिघडवला.’ तोवर एक चिमणीसुद्धा तिकडे यायची नाही.

खोलायची खोड असलेली तुझी बहीण


१६ मार्च

ताई,

चकती फिरवली आणि सगळं पाणी स्वयंपाकघरात! मी ओरडले, अप्पा उठले, हे धावत आले आणि घसरले. ह्यांचे नवे बूट दाराशी होते, त्यांच्या होड्या झाल्या. खाली एखादं पसरट भांडं ठेव एवढं लिहायला काय झालं होतं तुला? पिन मात्र खरंच निघाली. माझीच होती. दारही सुटलं.

डिस्कचं वाचून मी मटकन खाली बसले. आवाज आहेत? खरंच सगळे आहेत? अप्पांना सांगू का? ताई, तुझा राग मला कळतो. पण शिक्षा तू ह्यांना देतेयस आणि भोगतायत अप्पा. ह्यांनी त्या कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता. मला माहीत आहे.

आणखी दोन अडचणी आहेत. बहुतेक रोज रात्री इंटरनेट जातं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप येतं, आणि पुन्हा जातं. कंपनीचा माणूस दिवसा येतो, तेव्हा कधी चालू असतं, कधी नसतं. तो डोकं खाजवून जातो. ह्यांनी नवा राऊटर आणला, त्याचंही तेच. दुसरं म्हणजे प्रिंटर. ह्यांनी साहेबांना रजेचा अर्ज छापला, तेव्हापासून प्रिंटर चालू केला की तोच अर्ज येतो. ढीगभर अर्ज झालेत.

तुझी धाकटी


२२ मार्च

धाकटे,

भांडं ठेव असं लिहिलं होतं. लिहून खोडलं. पत्र उजेडात धरून बघ, खोडलेलं दिसेल. बुटांचं वाचून छापखान्यात एकटीच हसत बसले, शाईवाल्या बाईने विचारलं काय झालं म्हणून.

इंटरनेटचं सांगते, ते तुझ्या अभ्यासाला लागतं म्हणून. राऊटर ज्या सॉकेटला लावलाय ते पॅसेजमधल्या दिव्याच्या बटणावर चालतं. घर बांधताना वायरमनने तसं का केलं ते त्यालाच ठाऊक. दिवा मी वरून काढून टाकला होता आणि ते बटण कोणी बंद करू नये म्हणून त्याच्यावर काळी चिकटपट्टी मारली होती. ती आहे का बघ. नसणार. जावईबापूंना ती घाण दिसली असणार, आणि दिवाही नवा लावला असणार. आता दिवा मालवला की इंटरनेट गेलं. नव्या राऊटरने काय फरक पडणार, कप्पाळ! त्या माणसाला इतक्यांदा फेऱ्या मारायला लावल्या हे वाचून मला फार बरं वाटलं.

प्रिंटरचं सांगणार नाही. छापू दे.

आणि ‘मला माहीत आहे’ असलं काही लिहू नकोस. नवऱ्याची बाजू घ्यायची तर घे, पण खोटं माझ्या तोंडावर फेकू नकोस. अप्पांना यातलं काही सांगायचं नाही. सांगितलंस तर ते मागतील. त्यांनी मागितलं तर मी देईन, आणि जावईबापू कोरडेच राहतील. माझ्या हातात एवढी एकच गोष्ट आहे. ती मी अशी सोडणार नाही.

बहीण


२ मे

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. बटणावर पट्टी लावली, इंटरनेट सुरळीत झालं. ती ह्यांनी स्वतः लावली. प्रिंटरवर कापड टाकून ठेवलंय.

तुझी अट मी ह्यांच्या कानावर घातली. भडकले. ‘न केलेल्या गोष्टीची कबुली देऊ? मावशींसमोर? तुझ्या बहिणीने माझ्या बुटांचं वाटोळं केलं ते कमी होतं का?’ मी काय करू सांग. तुमच्या दोघांच्या मध्ये माझा भुगा होतोय.

संडासाच्या वरची पाण्याची टाकी बिघडलीय. भरली तरी बारीक शीळ घालत राहते, दिवसभर, एकसारखी. ह्यांना आणि मला वेड लागायची पाळी आलीय. शेजारच्या बाई भिंतीवर ठोकतात. अप्पांचं मात्र कौतुक वाटतं. त्यांची खोली तिला लागूनच, पण शांत बसलेले असतात. ‘कसली शीळ?’ म्हणून मलाच विचारतात. आणि फ्रिज थरथरतो, वर ठेवलेल्या बरण्या वाजतात.

तुझी धाकटी


८ मे

धाकटे,

तुझं पत्र वाचलं आणि ती टाकीची ओळ पुन्हा वाचली. तू कौतुक कसलं करतेस? तुला कळलं नाही का?

अप्पा, जे स्वयंपाकघरातून ओरडायचे की ‘गप्प बसा, कुंपणावर पिवळा आलाय’, त्यांना भिंतीपलीकडची शीळ ऐकू येत नाही? बारीक आवाज जायला लागलेत त्यांचे. म्हातारपणी आधी तेच जातात. कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा, या आठवड्यात, कारणं नकोत. आणि जावईबापूंना सांग की आता वेळ थोडा आहे. अप्पांना ऐकू येणं बंद झालं आणि त्यानंतर जावईबापूंनी कबुली दिली, तर ती घेऊन मी काय करू? तसं झालं तर मी त्यांना जन्मभर माफ करणार नाही, आणि तुलाही नाही. मी मागे हटणार नाही. मी काही बिघडवलेलं नाही, तो आळ माझ्यावर घातला गेला.

टाकीचं असं कर. भिंतीवरची चावी बंद कर, टाकीचं झाकण काढ. तरंगणाऱ्या चेंडूच्या दांडीपाशी जिथून पाणी येतं, तिथली टोपी हाताने सुटते. आत रबराची छोटी चकती असेल, तिच्यावर खड्डा पडलाय, म्हणून पाणी फटीतून शीळ घालतं. ती उलटी करून बसव. नवी मिळेपर्यंत चालेल. खाली काही ठेवायची गरज नाही, खरंच नाही.

फ्रिजला काही झालेलं नाही. मागची जाळी सैल होऊन बडबडते. उजव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, तळहाताने एक दणका दे. दणका कसा द्यायचा ते तुला काय शिकवायचं? लहानपणापासून बघत आलीस. टीव्हीला दिला, रेडिओला दिला, मिक्सरला दिला, सगळे सुतासारखे सरळ झाले.

बहीण


१५ मे

ताई,

दणका हा शब्द वाचला आणि पुढे वाचवेना. मी फ्रिजला हात लावला नाही. आता कशालाच लावणार नाही.

मी बिघडवला तो. मीच.

त्या दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, तो पिवळा एकदा ऐकव गं. तू कामावर गेली होतीस. मी कॉम्प्युटर चालू केला. चालू झाला, अर्ध्यावर येऊन थांबला. बाण हलेना. अप्पा शेजारच्या खुर्चीत वाट बघत होते. मला वाटलं, ताई काय करते? ताई दणका देते. दिला. एकदा दिला, काही झालं नाही, म्हणून पुन्हा जोरात दिला. आत कट्कन वाजलं आणि पडदा काळा झाला. मला कुठे माहीत की टीव्हीला चालतं ते चालत्या डिस्कला चालत नाही? आपल्या घरात सगळ्याला तेच औषध होतं. मी तुझंच बघून केलं.

अप्पा म्हणाले, ‘कोणाला सांगू नकोस. मी बघतो.’ मला वाटलं ते सांगतील. मग हे जेवताना तसं बोलले. ह्यांना खरंच वाटत होतं की तू खोलून बिघडवलास, कारण आदल्या दिवशी त्यांनी तुला खोलताना पाहिलं होतं. मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मान वर केली नाही. मग मीही केली नाही.

तुझं मागचं पत्र ह्यांनी वाचलं. कानांचं वाचून पत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘बोलव मावशींना. म्हणतो मी केलं म्हणून. म्हाताऱ्याला ऐकू येतंय तोवर मिळू दे.’ न केलेलं आपल्या अंगावर घ्यायला निघाला माणूस, माझ्यासाठी नाही, अप्पांसाठी. तेव्हा माझ्याने राहवेना. सांगितलं. आता हे माझ्याशी कामापुरतं बोलतात.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तू म्हणालीस तेच आहे. जाड आवाज राहतील बरीच वर्षं. बारीक गेले, यंत्रानेही फारसे परत येणार नाहीत म्हणाले.

खाली अप्पांनी लिहायला जागा मागितली, ती सोडते.

धाकटी

थोरले,
ही म्हणते ते खरं. मी शेजारीच होतो. टेबलावर मला बोलायचं होतं. मनात म्हटलं, थोरली भक्कम आहे, तिला सोसेल. धाकटीला सोसणार नाही, नवऱ्यापुढे कायमची मान खाली जाईल. तू घर सोडशील असं वाटलं नाही. पिशवी भरलीस तेव्हाही वाटलं, रागावलीय, संध्याकाळी येईल. आवाज पाठवायची आता घाई करू नकोस. पिवळा अजून कुंपणावर येतो. चोच हलताना दिसते.
अप्पा


२० जून

ताई,

महिना होऊन गेला. तुझा काहीच पत्ता नाही. शिव्या दे, काहीही लिही, पण लिही. पोस्टमन दिसला की अप्पा फाटकापर्यंत जातात आणि रिकाम्या हाताने येतात. मावशीला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘थोरलीला मी पण त्या दिवशी बरंच ऐकवलं होतं.’

तुझी म्हणवून घ्यायला लाज वाटते, तरी तुझीच,
धाकटी


२८ जून

अप्पा,

हे पत्र तुम्हाला. धाकटीने वाचलं तर वाचू दे, तिच्यापासून लपवायचं आता काही उरलेलं नाही.

महिनाभर मी लिहिलं नाही कारण रोज लिहायला बसायचे आणि कागदावर नुसता राग यायचा. इतके महिने तो राग जावईबापूंच्या नावाने साठवला होता. मी डिस्क उलटी धरून बसायचे तेव्हा प्रत्येक आवाजागणिक वाटायचं, बघा आता, कसे नाक घासत येता ते. आणि त्या माणसाने काहीच केलेलं नव्हतं. त्यांना सांगा, बुटांबद्दल आणि त्या अर्जांच्या ढिगाबद्दल मी माफी मागते. ते जेवताना बोलले त्याबद्दल त्यांनी मागावी, की आमचं मिटलं. प्रिंटरचं म्हणाल तर, कॉम्प्युटरमध्ये छपाईची रांग असते, तिच्यात तो अर्ज अजून बसलाय. रांग उघडून तो रद्द करायचा, मग दोन्ही बंद करून चालू करायचे. रजाही घ्या म्हणावं एकदाची.

धाकटीवर मला रागावता येत नाही, याचाच राग येतो. तिने दणका दिला तो माझाच बघून दिला. पण सांगायला तिला तोंड होतं. जावईबापू अंगावर घ्यायला निघाले तेव्हा तिला कंठ फुटला. माझ्या अंगावर आलं तेव्हा ती पाणी वाढत होती.

आणि तुम्ही, अप्पा.

थोरली भक्कम आहे म्हणालात. भक्कम माणसाला लागत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? लहानपणापासून तेच चाललंय. खेळणं मोडलं धाकटीने, बोलणी मला, कारण ती रडेल. पाहुण्यांसमोर सांडलं तिने, पुसायचं मी, कारण ती लाजेल. मी रडत नाही हे तुम्ही पाहिलंत. का रडत नाही ते कधी विचारलं नाहीत. त्या दिवशी तुमच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर मी आज त्या घरात असते. ते वाक्य तुम्ही वाचवलंत आणि मला खर्च केलंत. हे मी विसरणार नाही. विसरले असं खोटं लिहिणारही नाही.

सोबत एक डबी आहे. तिच्यात घुबड, पारवा, कावळा, बदकं, सुतार पक्षी, आणि तो रात्रीचा घोगरा कोण तो. जाड आवाजाचे सगळे आहेत. कॉम्प्युटरला कुठे लावायची ते जावईबापूंना कळेल. हे तुमच्या हक्काचे आहेत, ऐकत बसा.

बारीक आवाजाचे मी पाठवलेले नाहीत. पाठवणारही नाही. ते हवे असतील तर इकडे यावं लागेल. मी एक खोली मोकळी केलीय. खिडकीला लागून खुर्ची मांडलीय, बाहेर झाड आहे, पक्षी येतात. मी ते आवाज संथ करून बघितले. संथ केले की ते खाली उतरतात, जाड होतात. पिवळ्याची शीळ तशी केली तर बासरीसारखी लागते. तुम्हाला ऐकू येईल असं मला वाटतं. नाही आली तर मी शेजारी बसेन, आणि चोच कधी हलते ते तुम्ही सांगा, तो काय म्हणतोय ते मी सांगेन.

चार दिवसांसाठी येऊ नका. राहायला या. तुमचे सगळे कपडे घेऊन या.

धाकटी रडेल. घर खायला उठतं म्हणेल. चार लोकांत सांगेल की ताईने सूड घेतला. सांगू दे, खरंच घेतलाय. तिला सोसायचं नाही म्हणून तुम्ही ते माझ्या पदरात टाकलंत. आता हे तिच्या पदरात टाका आणि निघा. सोसेल तिला. मला सोसलं, तसंच.

तुमची थोरली